रात्रीचे आवाज

घरात गाण्यावरून भांडण होत असेल तर ते घर सुखात आहे, असे खुशाल समजावे. पैशावरून, जागेवरून, मुलांच्या लग्नांवरून भांडणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या भांडणांचा कडवटपणा चहाच्या कपातसुद्धा उतरतो. गाण्यावरचे भांडण तसे नसते. त्यात माणसे तावातावाने बोलतात, एकमेकांची अक्कल काढतात, पण जेवायला एकाच पंक्तीला बसतात आणि वाढताना कोणी हात आखडत नाही. आमच्या घरात असे एक भांडण गेली पाच-सहा वर्षे चालू आहे. त्या भांडणाच्या निमित्ताने मला ह्या वयात एका परक्या देशातल्या चार वादकांचा नाद लागला, त्याची ही हकीकत.

भांडणातला पहिला पक्ष म्हणजे अक्का. ती माझी थोरली बहीण. वय चौऱ्यांशी. तरुणपणी तिने बारा वर्षे गाण्याची तालीम घेतली आणि त्या बारा वर्षांत गुरुजींनी तिला पाचच राग दिले, ही गोष्ट ती आजही मिरवल्यासारखी सांगते. बैठकीत ती कधी गायली नाही. लग्न झाले, मागाहून शाळेतली नोकरी आली, संसाराचे व्हायचे ते झाले. पण पहाटे पाचला उठून तंबोरा जुळवायचा आणि अर्धा तास नुसता षड्ज लावून बसायचे हा नेम तिने मोडलेला मला आठवत नाही. दुसरा पक्ष म्हणजे आमचे चिरंजीव. हे महाशय बारा वर्षे तबला शिकले, तेही आत्याच्या नजरेखाली. मग इंजिनिअर होऊन अमेरिकेत ऑरेगन राज्यात गेले. पोर्टलंड शहराला लागून हिल्सबरो नावाचे गाव आहे, तिथे संगणकाच्या कारखान्यांपायी आपली पुष्कळ मराठी मंडळी राहतात. तिथे त्यांचे बिऱ्हाड आहे. तिसरा मी. मला गाणे येत नाही, ऐकता येते. म्हणून दोन्ही पक्षांनी मला टपालवाल्याच्या कामावर नेमले आहे.

ठिणगी पडली ती अशी. चिरंजीवांनी कळवले की, दर शनिवारी संध्याकाळी ते दोन मित्रांबरोबर मोटार ठेवायच्या खोलीत वाजवायला बसतात. एक गिटार वाजवतो, एक बाई व्हायोलिन वाजवतात, आणि हे तबला. त्या वादनाचा एक तुकडा त्यांनी पाठवला. मी तो अक्काला ऐकवला. अक्का डोळे मिटून, मान किंचित कलती करून, अगदी शिस्तीत ऐकत बसली. चार मिनिटे झाली. मग डोळे उघडून म्हणाली, "हे सुरू कधी व्हायचं?"

मी म्हणालो, "अक्का, ते संपलं."

त्या रात्री अक्का जेवताना बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बोलली. "बारा वर्षं हात घासून तयार केला, आणि आता दोन चाट मारून गप्प बसतो. कशासाठी? समोरच्याला झोप यावी म्हणून?" तिच्या रागात एक दुःख होते आणि ते मला कळत होते. तिला मूलबाळ नाही. तिच्याकडे जे काही होते ते तिने ह्या भाच्याच्या हातात ठेवले होते, आणि तो ते असे हलक्या हाताने वापरत होता.

मी टपालवाल्याच्या इमानाने हे सगळे पलीकडे पोचवले. चिरंजीव रागावले नाहीत. म्हणाले, "बाबा, आत्याला म्हणावं, मी ज्यांचं ऐकून हे करतोय त्यांचं आधी ऐक. ते इथलेच, पोर्टलंडचे. म्हणजे इथले नव्हेत, पण इथे राहिलेले. त्यांचं नाव नाइटनॉइज." नाइटनॉइज म्हणजे रात्रीचा आवाज. पेन्शनीतल्या माणसाला एखादे नाव सापडले की, तो त्याचा पाठपुरावा सोडत नाही. मी ऐकू लागलो, वाचू लागलो, आणि बघता बघता आयर्लंडच्या एका कोपऱ्यात जाऊन पोचलो.

हा कोपरा म्हणजे त्या बेटाच्या वायव्येचा डोनेगॉल परगणा. खडकाळ जमीन, अटलांटिकचे वारे आणि पोटाला अपुरी शेती. आपल्या कोकणाचा माणूस तिथे गेला तर त्याला ओळखीचे वाटेल. त्या परगण्यात रॅनफास्ट नावाचे एक लहान गाव आहे. आयर्लंडात बहुतेक लोक आता इंग्रजी बोलतात, परंतु जिथे जुनी आयरिश भाषा अजून घरात बोलली जाते असे काही पट्टे आहेत, त्यांतले हे एक. ओ डोनल घराणे मूळचे इथले. मुले वाढली दूर पूर्वेकडे केल्स गावात, पण उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना रॅनफास्टला नेत. तिथे त्यांची एक आत्या होती. तिचे नाव नीली. ह्या आत्याजवळ जुन्या आयरिश गाण्यांचा मोठा साठा होता. मुलांनी तिच्याकडून ती गाणी उचलली.

ह्या भावंडांत थोरला मीहॉल ओ डोनल, जन्म १९५१चा. त्याच्या पाठची ट्रिओना, १९५३ची. तिच्या पाठची मरेड. गंमत अशी की, भावाचे आडनाव 'ओ डोनल' तर बहिणींचे 'नी गोनल'. आडनाव एकच; मुलीला लागताना त्याचे रूप बदलते आणि पहिल्या अक्षराचा उच्चारही वितळतो. व्याकरणात असा लाड करणारी भाषा मला एकदम आवडून गेली. ह्या तीन भावंडांनी आणखी एका मित्राला घेऊन १९७१ साली 'स्कारा ब्रे' नावाने एक तबकडी काढली. गाणी सगळी आयरिश भाषेतली, पण गाताना तिघाचौघांचे सूर एकमेकांपासून अंतर राखून बरोबर चालत होते. जुनी आयरिश गाणी एकट्याने, साथीवाचून गाण्याची रीत. तेव्हा ही पोरे बिघडली असेही म्हणणारे कोणी तिथे असणारच. अक्का सगळीकडे असतात.

पुढे १९७५च्या सुमारास मीहॉल आणि ट्रिओना एका नव्या वाद्यवृंदात आले. त्याचे नाव 'द बॉथी बँड'. बॉथी म्हणजे झोपडी. डोनेगॉलची माणसे हंगामात बटाटे काढायला स्कॉटलंडला जात आणि तिथे शेतावरच्या झोपड्यांत राहत. गिरणीत पोट भरायला आलेल्या चाकरमान्यांच्या खोल्यांतून मुंबईत भजने आणि दशावतार घुमत, तशीच ह्या झोपड्यांतून रात्री गाणी होत. त्या मजुरांची आठवण ह्या नावात आहे. पण बॉथी बँडचे वाजवणे झोपडीत मावण्यासारखे मुळीच नव्हते. बासरी, पाइप, फिडल हे सगळे एका दमात सुटत. त्यांच्या नाचाच्या चालींत 'जिग' असते ती सहा मात्रांची, आपल्या दादऱ्यासारखी तीन-तीनात मोडणारी. 'रील' असते ती आठांची, केरव्याच्या घराची. तबल्याच्या मुलाला हे लगेच उमगले. वेग इतका की, ऐकणाऱ्याचा पाय आधी हलतो आणि मन मागून येते. तीन तबकड्या स्टुडिओत, चौथी पॅरिसच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाची, आणि १९७९ साली मंडळी पांगली.

इथपर्यंतची कथा मी अक्काला सांगितली तेव्हा ती प्रसन्न झाली. "म्हणजे हात तयार होते म्हणायचे!" मी म्हणालो, "होते. आता पुढे ऐक."

१९८०च्या सुमारास मीहॉल अमेरिकेत पोर्टलंडला येऊन राहिला. बरोबर बॉथी बँडमधला फिडलवादक केव्हिन बर्क होता. पोर्टलंडचा पाऊस आपल्यासारखा नाही. वर्षाकाठी मुंबईच्या निम्म्याहूनही कमी पडतो, परंतु शरदात सुरू होतो तो वसंत संपेपर्यंत भुरभुरतच राहतो. ढोल वाजवत येत नाही, नुसता शेजारी येऊन बसतो. चिरंजीव म्हणतात, इथे आल्यावर पहिली दोन वर्षे मला हा पाऊस वाटलाच नाही. आभाळाला दमट ओल आली आहे असे वाटायचे. त्या पावसाच्या गावात मीहॉलला बिली ओस्के नावाचा व्हायोलिनवादक भेटला. ओस्के अमेरिकन, पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीत शिकलेला. दोघांनी ओस्केच्या घरातच यंत्रे मांडून ध्वनिमुद्रण केले. गिटार, व्हायोलिन, मधूनच शिटीसारखी छोटी बासरी, मधूनच हार्मोनियम. होय, आपली पेटी ज्या कुळातली तेच वाद्य. सगळे नवे, स्वतःचे रचलेले, आणि सगळे संथ. दहा वर्षे घोडदौड केलेला माणूस एकदम पायी चालू लागला.

ही तबकडी १९८४ साली निघाली. नाव 'नाइटनॉइज', आणि तेच नाव पुढे त्या मंडळीला चिकटले. ती काढली 'विंडहॅम हिल' ह्या संस्थेने. ह्या संस्थेचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. विल्यम अ‍ॅकरमन नावाचा एक सुतारकाम-बांधकाम करणारा तरुण कॅलिफोर्नियात पालो आल्टोला गिटार वाजवत असे. मित्र म्हणाले, तुझी तबकडी काढ. त्याने प्रत्येकाकडून पाच-पाच डॉलर वर्गणी घेतली आणि १९७६ साली ती काढली. वर्गणी काढून गणपती बसवावा तशी ती एक ध्वनिमुद्रिका बसली, आणि तिच्यामागून संस्था उभी राहिली. बड्या कंपन्यांना ज्यात काही दिसत नव्हते असे एकेकट्या गिटारीचे, पियानोचे शांत वादन ह्या घरगुती दुकानाने विकले. जॉर्ज विन्स्टन ह्या पियानोवादकाची 'डिसेंबर' ही १९८२ची ध्वनिमुद्रिका तर लाखांनी खपली. दुकानदारांना प्रश्न पडला, हा माल कोणत्या फळीवर ठेवायचा? शास्त्रीय नव्हे, जाझ नव्हे, लोकगीत नव्हे. मग 'न्यू एज', नव्या युगाचे संगीत, अशी एक चिठ्ठी सापडली आणि ती सगळ्यांच्या पाठीवर चिकटवण्यात आली. १९८७ साली ग्रॅमी पारितोषिकांतही ह्या नावाचा विभाग उघडला.

ह्या चिठ्ठीने फायदा केला तसा तोटाही केला. खप झाला, पण त्याबरोबर टिंगलही आली. भिंतीला लावायचा रंगीत कागद, दवाखान्यात थांबलेल्या माणसांचे संगीत, अशी नावे पडली. आणि खरे सांगायचे तर ह्या फळीवर भुसाही पुष्कळ होता. समुद्राच्या लाटा आणि पाखरांचा किलबिलाट यंत्रात घालून त्यावर दोन लांब सूर ओढले की काम भागत असे. प्रश्न इतकाच होता की, ह्या भुशात दाणा कसा ओळखायचा?

तो आमच्या घरी ओळखला अक्काने. तिला हल्ली रात्री झोप लागत नाही. एकदा दोनच्या सुमारास ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ते तुझे रात्रीचे आवाज लाव जरा. नाहीतरी जागीच आहे." मी पहिली तबकडी लावली. बाहेर कुठेतरी रखवालदाराची काठी वाजत होती. अक्का पाच-सात मिनिटे ऐकत होती. मग उठून बसली. "थांब. त्याने ते वाद्य कसं जुळवलंय?"

मला माहीत नव्हते. हिल्सबरोला तेव्हा दुपार होती. चिरंजीवांना विचारले, आणि त्या रात्री अडीच वाजता आमच्या घरात एक लहानसा संगीतवर्ग भरला. गिटारीच्या सहा तारा नेहमी ज्या स्वरांत जुळवतात ते ई, ए, डी, जी, बी, ई. मीहॉलने तसे केले नाही. त्याने दोन्ही बाजूंच्या ई उतरवून डी केल्या आणि बी उतरवून ए केली. म्हणजे झाले डी, ए, डी, जी, ए, डी. ही मांडणी डेव्ही ग्रॅहम ह्या इंग्रज वादकाने १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत मोरोक्कोत तिथल्या ऊद वाजवणाऱ्यांबरोबर वाजवता यावे म्हणून बसवली, असे सांगतात. आयरिश संगीतात ती रुजवली ती मीहॉलसारख्यांनी. चिरंजीव म्हणाले, "आत्या, डी हा सा धर. मग काय होतं बघ. सा, प, सा, म, प, सा."

अक्का क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "गंधारच नाही."

"नाहीच."

ह्यात केवढे आहे हे गाणाऱ्याला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. गंधार शुद्ध लागला की मन उजळते, कोमल लागला की कलते. पाश्चात्त्यांचेही तसेच आहे; त्यांचा 'मेजर' आणि 'मायनर' हा सारा भेद त्या तिसऱ्या सुरावर उभा असतो. मोकळ्या तारांत तो सूरच ठेवला नाही, म्हणजे वादकाने आधी काहीच ठरवून टाकले नाही. हर्ष की विषाद, ते गाणे पुढे सांगेल. तारा नुसत्या घुमत राहतील आणि चाल त्यांच्या अंगणात वाटेल तशी फिरेल. आपला तंबोरा हेच करतो. "तंबोऱ्यात आपण गंधार लावत नाही," अक्का म्हणाली, "तो ऐकू येतो. जवारी नीट असेल तर खर्जाच्या तारेतून आपला आपण उमटतो." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "ह्या माणसाला घाई नाही. पण हात आहे. हात असून घाई नसणं निराळं, आणि हात नाही म्हणून सावकाश जाणं निराळं."

पुढची कथा मी अक्काला हप्त्याहप्त्याने, रात्रीच सांगितली. दोघांचे हे वाजवणे लवकरच चौघांचे झाले. ट्रिओना आली. बॉथी बँडमध्ये ती तारांच्या कळफलकाची वाद्ये वाजवी, इथे पियानोवर बसली, आणि मधूनमधून गाऊही लागली. डब्लिनचा बासरीवादक ब्रायन डनिंग आला. तो थोर बासरीवादक जेम्स गॉलवेचा शिष्य, आणि जाझचे वेड घेतलेला. म्हणजे एका बैठकीत डोनेगॉलची गाणी, युरोपातले शास्त्रीय व्हायोलिन आणि अमेरिकेतले जाझ, अशी तीन घराणी मांडीला मांडी लावून बसली. १९८७ साली ह्या चौघांची 'समथिंग ऑफ टाइम' निघाली, १९८८ साली 'अ‍ॅट द एंड ऑफ द इव्हनिंग', आणि १९९० साली 'द पार्टिंग टाइड'. ओळीने ऐकली की, एखादे कुटुंब वाढताना दिसावे तसे वाटते. पहिल्या तबकडीत दोन माणसे जपून, एकमेकांचा अंदाज घेत बोलतात. दुसरीत घर भरते. तिसरीत हसणे ऐकू येते. जिगचा तो जुना सहा मात्रांचा पाय मधूनच दाराआडून डोकावतो आणि परत जातो. बॉथी बँडची घोडदौड त्यांनी टाकून दिली नव्हती. ती आत नेऊन ठेवली होती.

ह्याच सुमारास त्यांच्या शेजारच्याच गावची एक मुलगी जगभर गाजत होती. एन्या. ती रॅनफास्टजवळच्या ग्वीडोर भागातली. तिचा 'वॉटरमार्क' १९८८चा. ती एकटी स्टुडिओत बसून आपल्याच आवाजाचे थर थरांवर चढवी आणि त्यांचे एक मंदिर उभे राही. ते मंदिर सुंदर आहे. पण मला नाइटनॉइज जवळचे वाटते, कारण तिथे चार माणसे एका खोलीत बसली आहेत आणि एकाने श्वास घेतला की दुसरा थांबतो, हे कळते. गर्दी त्या मंदिरापुढे झाली. ह्या खोलीत मोजकी माणसे आली, पण जी आली ती राहिली.

१९९० नंतर ओस्के बाजूला झाला. पहिल्या दोघांतला एक गेला की बहुतेक संस्था मोडतात. ही मोडली नाही. त्याच्या जागी स्कॉटलंडचा जॉनी कनिंगहॅम आला. 'सिली विझर्ड' ह्या तुफान वृंदात नाव कमावलेला फिडलवादक. मीहॉल आणि ट्रिओना पूर्वी त्याच्याबरोबर वाजवीत असत, म्हणजे तो घरचाच. त्याच्याबरोबर १९९३ साली 'शॅडो ऑफ टाइम' आणि १९९५ साली 'अ डिफरंट शोअर' झाले. तो गेल्यावर जॉन फिट्झपॅट्रिक आला, आणि १९९७ साली 'द व्हाइट हॉर्स सेशन्स' निघाली. ही पोर्टलंडच्या स्टुडिओत, सगळ्यांनी एकत्र बसून वाजवलेली, थरांवर थर न चढवता. मुळात वर्गणीवर उभी राहिलेली विंडहॅम हिल तोवर एका बड्या जागतिक कंपनीच्या पोटात गेली होती. त्यानंतर नाइटनॉइजची नवी तबकडी झाली नाही. भावंडे आयर्लंडला परतली. १९९९ साली ट्रिओना आणि मरेड ह्या बहिणींनी मिळून एक गाण्यांची तबकडी काढली, तिचे आयरिश नाव 'इदिर अन दा होलस'. अर्थ, 'दोन उजेडांच्या मध्ये'. आयरिश भाषेत संध्याकाळच्या कातरवेळेला असे म्हणतात. हे ऐकून अक्का म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडेही संधिप्रकाश आहे." मारवा हा तिच्या पाच रागांतला एक.

जॉनी कनिंगहॅम २००३ साली गेला, सेहेचाळिसाव्या वर्षी. मीहॉल २००६ साली डब्लिनमध्ये घरात पडण्याचे निमित्त होऊन गेला, चौपन्नाव्या वर्षी. ब्रायन डनिंग २०२२ साली गेला. हे मी अक्काला सांगितले तेव्हा ती हिशेब करीत राहिली. "पोरं होती रे सगळी," ती म्हणाली.

तरीही भांडण मिटले असे कोणी समजू नये. अक्काने मीहॉलला माफ केले, भाच्याला नाही. "त्या माणसाने आधी आत्याची गाणी पचवली, मग नवं केलं. तू काय पचवलंस?" हा तिचा प्रश्न, आणि तो मी जशाचा तसा पाठवला. त्याला जे उत्तर आले त्याची अपेक्षा आम्हा दोघांनाही नव्हती. चिरंजीवांनी लिहिले, "आत्याला म्हणावं, मला तिच्या चिजा नकोत. त्या पुस्तकात मिळतात. मला आजीच्या जात्यावरच्या ओव्या हव्यात."

नाइटनॉइजच्या १९८८च्या तबकडीत एक रचना आहे, तिचे नाव 'ब्रिंग मी बॅक अ साँग'. म्हणजे, येताना माझ्यासाठी एक गाणे घेऊन ये. परदेशी निघालेल्या माणसाकडे आपण घड्याळ मागतो, औषध मागतो. ह्या लोकांनी गाणे मागितले. आमच्या चिरंजीवांनी तेच मागितले, मात्र उलट्या दिशेने.

अक्का संतापली. "बारा वर्षं मी जे कमावलं ते ह्याला नको. आणि आई पीठ दळताना काय पुटपुटायची ते हवं! ते काय गाणं आहे?" आमची आई राजापूरकडची. पहाटे जाते ओढताना ती ओव्या म्हणायची. माहेर, भाऊ, समुद्र, सासूची तऱ्हा, सगळे त्यात असायचे. मी धाकटा. माझ्या आठवणीपर्यंत पिठाची गिरणी आली होती. मला त्यातला एक शब्द येत नाही. अक्का आईसमोर जात्याला हात लावून बसलेली. आता त्या ओव्या जगात एकाच ठिकाणी शिल्लक आहेत, अक्काच्या डोक्यात; आणि ते डोके चौऱ्यांशी वर्षांचे आहे. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. कोणी बोलले मात्र नाही.

तीन आठवडे गेले. मग एका रात्री, असेच दोन-अडीच वाजता, अक्काच्या खोलीतून काहीतरी ऐकू आले. तंबोरा नव्हता. आवाज बारीक, घोगरा, न सजवलेला. तिचा नेहमीचा कमावलेला आवाज नव्हताच तो; आईचा होता. मी दारात जाऊन उभा राहिलो. ती थांबली आणि जराशा रागानेच म्हणाली, "नुसता उभा काय राहतोस? तो फोन आण. आणि त्याला म्हणावं, ह्याला ताल नाही. जात्याचा फेरा हाच ताल. तबला घालशील तर पुढची देणार नाही."

त्या रात्री तिने सहा ओव्या सांगितल्या. ही स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली आणि तीही बसून राहिली.

हिल्सबरोच्या त्या मोटारीच्या खोलीतून दीड महिन्याने एक तुकडा आला. त्यात अक्काचाच आवाज आहे, तसाच घोगरा. त्याच्याखाली गिटारीच्या मोकळ्या तारा, सा, प, सा, म, प, सा, जात्याच्या फेऱ्यासारख्या फिरतात. व्हायोलिनवाल्या बाई ओवीची चाल वाजवत नाहीत. ओवी संपली की तिचा शेवटचा सूर तेवढा धरून ठेवतात, पुढची येईपर्यंत. तबला नाही. अक्काने तो तुकडा दोनदा ऐकला. दुसऱ्या वेळी डोळे मिटले नाहीत, खिडकीबाहेर बघत होती.

"तिसऱ्या ओवीपाशी तंबोरा किंचित उतरलाय," ती म्हणाली. "सांग त्याला."

ती गिटार आहे, हे तिला ठाऊक होते. मी दुरुस्ती केली नाही. सांगितलेला निरोप जशाचा तसा पोचवणे एवढेच माझे काम. ह्या दिवाळीला चिरंजीव घरी येत आहेत आणि तो उतरलेला 'तंबोरा' बरोबर आणणार आहेत. अक्काने एक जुनी रोजनिशी काढून तीत आठवतील तशा ओव्या लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. काल रात्रीपर्यंत एक्केचाळीस झाल्या. बेचाळिसावीचा दुसरा चरण आठवत नाही म्हणून सकाळपासून ती कोणाशी बोलत नाही.